चूक की वेगळं?

माझी लेक तेव्हा साडेनऊ वर्षांची होती. न्यू जर्सीतल्या नव्या शाळेचा तिचा दुसराच आठवडा. घरी आली ती दप्तर टाकून सरळ पलंगावर पालथी पडली. बऱ्याच वेळाने तिने वही पुढे केली. स्पेलिंगच्या चाचणीत 'कलर' आणि 'फेव्हरिट' या दोन शब्दांभोवती लाल गोल होते. दोन्हीकडे तिने 'ओ'नंतर 'यू' लिहिला होता.

"आई, मी चुकले नाहीये. मला असंच शिकवलंय!"

तिचं खरंच होतं. त्याआधीची पाच वर्षं आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला होतो. तिथल्या बाईंनी याच स्पेलिंगसाठी तिच्या वहीत चांदण्या चिकटवल्या होत्या. विमानाचा एक प्रवास झाला आणि बरोबरचं चूक झालं.

हा लेख त्या लाल गोलाबद्दल आहे. पुढे तसाच एक गोल मी स्वतः एका मुलाभोवती काढला, त्याबद्दलही आहे. पण आधी थोडं मागे जायला हवं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नऊ वर्षं मराठी शिकवत होते. यांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडला गेलो, तेव्हा लेक साडेचार वर्षांची होती. घरात अखंड बडबड करणारी मुलगी शाळेत गेली आणि गप्प झाली. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने ऐकतच राहतात आणि मग एकदम बोलू लागतात, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तिच्या वर्गशिक्षिकेने प्रेमानेच सुचवलं, "घरी तुम्हीही इंग्रजीच बोला. तिला सोपं जाईल."

मराठीची शिक्षिका असून मी ते ऐकलं. आठ महिने घरात इंग्रजी.

त्या आठ महिन्यांत मला एक गोष्ट नीट कळली. इंग्रजीत मला तिला फक्त सूचना देता यायच्या. हात धू, दूध पी, बूट काढ. लाड करता येत नव्हते, गोष्ट रंगवून सांगता येत नव्हती, धड रागावताही येत नव्हतं. वर तीच माझे उच्चार सुधारू लागली. 'व्हेरी' आणि 'वेअर' यांतले दोन 'व' वेगळे असतात, हे मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीकडून शिकले. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते एका रविवारी सासूबाईंच्या फोनने. त्या गावाकडून म्हणाल्या, "का गं, पोर बोलंना माझ्याशी. रुसलीया व्हय माझ्यावर?"

रुसली नव्हती. शब्द विसरत चालली होती. 'आजी'च्या पुढे काय म्हणायचं हे तिला सुचत नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर इंग्रजी. नंतर या विषयावर वाचू लागले तेव्हा कळलं की असे नियम लोक फार पूर्वीपासून करत आलेत. ज्यूल रोंजा या फ्रेंच भाषा-अभ्यासकाने आणि त्याच्या जर्मन पत्नीने मुलाशी आपापल्याच भाषेत बोलायचं ठरवलं आणि तो अनुभव त्याने १९१३ साली पुस्तकरूपाने मांडला. दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी मागे पडते असा समज त्यानंतरही बरीच वर्षं होता. १९६२ साली पील आणि लॅम्बर्ट या दोन संशोधकांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा नीट येणारी मुलं बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत एकभाषी मुलांच्या पुढे दिसली. तेव्हापासून विचाराची दिशा बदलली. हे मला आठ महिने आधी कळायला हवं होतं, एवढंच.

लेकीचं मराठी परत आलं. वर्षभर लागलं, पण आलं. आणि आलं ते आजीच्या फोनवरून आलं, म्हणून आजीचंच आलं. "न्हाई", "व्हय", "बोलंना". मी कधी दुरुस्त केलं नाही, उलट हसू यायचं.

आता न्यू जर्सी. मला वाटलं होतं, हिला इंग्रजी येतंच, अमेरिकेत काही अडचण येणार नाही. पण तिथे रोज एक नवी गंमत, आणि रोज थोडं अवघडलेपण. पहिल्याच दिवशी तिने वर्गात मोठ्याने विचारलं, "कोणाकडे रबर आहे का?" खोडरबराला तिथे 'इरेझर' म्हणतात आणि 'रबर'ला भलताच अर्थ आहे. बाईंनी पटकन विषय बदलला. मोठी मुलं फिदीफिदी हसली आणि हिला कारणच कळेना. रेडिंगमध्ये 'पँट्स' म्हणजे आतले कपडे, इथे 'पँट्स' म्हणजे साधी विजार. तिथे 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे एक जिना चढून, इथे रस्त्याच्याच पातळीवर. तिथला 'झेड' इथे 'झी' झाला. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिने 'वॉटा' मागितलं तर वाढणाऱ्या बाईंना कळेना. दक्षिण इंग्लंडमध्ये शब्दाच्या शेवटचा 'र' गिळतात, अमेरिकेत तो ठणठणीत उच्चारतात आणि मधला 'ट' मात्र 'ड'कडे झुकवतात. आमच्या सासूबाईंचं 'वाटर' त्या बाईंना बहुधा चटकन कळलं असतं.

तारखांनी तर मलाच फसवलं. वाढदिवसाच्या निमंत्रणावर मी ५/६ लिहिलं. माझ्या मते ५ जून. एक मुलगी ६ मेलाच भेटवस्तू घेऊन दारात उभी. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. एका पालकाला मी सांगितलं की मी अमुक वर्षी कॉलेजातून 'पास आउट' झाले, तर त्यांनी काळजीने विचारलं, आता तब्येत कशी आहे? त्यांच्या लेखी मी बेशुद्ध पडले होते. म्हणजे घरात तीन इंग्रजी होत्या: लेकीची ब्रिटिश, शाळेची अमेरिकन आणि आमची भारतीय. पैकी आमची सगळ्यात चुकीची, हे मी मनातल्या मनात मान्यच करून टाकलं होतं.

त्या लाल गोलांबद्दल मी बाईंना चिठ्ठी लिहिली. नम्रपणे लिहिलं की ही मुलगी इंग्लंडमध्ये शिकली आहे, तिथे हेच स्पेलिंग बरोबर धरतात. दुसऱ्या दिवशी वही परत आली. गोल तसेच होते, पण शेजारी लिहिलं होतं: इंग्लंडमध्ये बरोबर, इथे आपण असं लिहितो. गुण दिले होते. शिवाय बाईंनी तिला फळ्याशी बोलावून दोन्ही स्पेलिंगं लिहायला लावली आणि वर्गाला हा फरक कसा पडला तेही सांगितलं. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने लंडनमध्ये इंग्रजीचा मोठा कोश केला, त्यात 'यू' आहे. १८२८ साली नोआ वेबस्टरने अमेरिकन इंग्रजीचा कोश काढला आणि 'यू' गाळला. नव्या देशाचं लेखन सोपं आणि स्वतःचं असावं, असा त्याचा आग्रह होता. लेक घरी आली ती उड्या मारतच. त्या दिवशी तिने एक वही केली, तीन रकान्यांची: 'तिथे', 'इथे', 'आपल्याकडे'. 'बिस्किट', 'कुकी', 'बिस्किट'. 'ऑटम', 'फॉल', आणि तिसऱ्या रकान्यात तिने अडखळत लिहिलं, 'शरद'. गंमत म्हणजे 'फॉल' हा शब्द अमेरिकनांनी घडवलेला नाही. तो इंग्लंडमध्येच वापरात होता, तिथे मागे पडला आणि इथे टिकला. वेगळं दिसतं ते बिघडलेलंच असतं असं नाही, कधी ते जुनंही असतं.

आता माझा गोल.

मी तिथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवत होते. वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता, आईवडील विदर्भातले. फार बोलका. एका रविवारी तो म्हणाला, "मॅडम, मले भूक लागली." मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मला' लिहिलं आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. वर्ग हसला. माझ्या मनात काही नव्हतं. नऊ वर्षं मी हेच तर करत आले होते. पुढच्या रविवारी तो "काहून" म्हणाला, ते "का" करून घेतलं. "जेवून राहिलो"चं "जेवतोय" केलं.

तिसऱ्या रविवारपासून तो बोलेना. विचारलं तर इंग्रजीत उत्तर.

महिन्याभराने त्याची आई वर्ग सुटल्यावर थांबली. आवाज अजिबात चढा नव्हता. म्हणाली, "मॅडम, हा रोज अकोल्याच्या आजीशी फोनवर बोलायचा. आता तिच्याशी पण इंग्रजीत बोलतो. म्हणतो, आजीचं मराठी राँग आहे."

मला काय बोलावं सुचेना. एका आजीचा फोन मुका झालेला मी पाहिला होता. तेव्हा मी दुसऱ्या कोणाचं तरी ऐकलं होतं. या वेळी दुसऱ्या आजीचा फोन मीच मुका केला होता. आणि माझ्या स्वतःच्या लेकीचं "न्हाई" मात्र मला गोड वाटत होतं!

इंग्रजीच्या बाबतीत माझ्या मुलीला 'चूक' म्हटल्यावर मी चिठ्ठी लिहून उभी राहिले. मराठीच्या बाबतीत मात्र तेवढा विचारही केला नाही. आपण शिक्षक बहिणाबाई चौधरींच्या कविता किती कौतुकाने शिकवतो. त्यांची बोली, तिचा गोडवा, तिचं शहाणपण यांवर प्रश्न काढतो. आणि वर्गातलं मूल तसंच बोललं की त्याला थांबवतो.

पुढच्या रविवारी मी लेकीची तीन रकान्यांची वही वर्गात नेली. फळ्यावर 'मला' लिहिलं, त्याखाली 'मले', अहिराणीतलं 'माले' आणि मालवणीतलं 'माका'. म्हटलं, "ही सगळी मराठी घरं आहेत. पुस्तकात आपण 'मला' लिहितो, कारण सगळ्यांना एकमेकांचं वाचता यायला हवं. पण तुमच्या घरातलं चूक नाही. मागे मी चूक म्हटलं होतं, ते माझंच चुकलं." आणि गृहपाठ दिला: आजीआजोबांना फोन करा आणि पुस्तकात नसलेले पाच शब्द आणा. मुलांपेक्षा आजीआजोबांनाच त्याचा जास्त आनंद झाला, असं पालक सांगत होते.

प्रमाण भाषा शिकवू नये असं मी मुळीच म्हणत नाही. परीक्षा, अर्ज, पुस्तकं यांसाठी ती यायलाच हवी, जशी माझ्या लेकीला अमेरिकेत 'यू' नसलेला 'कलर' यायला हवा. पण चूक आणि वेगळेपण यांत फरक करायला आपण शिकलं पाहिजे. आम्हाला जे उपयोगी पडलं ते थोडक्यात सांगते.

१. परदेशात वाढणारं मूल "माझा पुस्तक" म्हणतं, ती चूक आहे. पण तीही फळ्यावर नेऊ नये. "हो, तुझं पुस्तक कुठंय?" एवढंच म्हणावं. कानाला बरोबर रूप मिळतं आणि बोलणं तुटत नाही.

२. "मले", "न्हाई", "काहून" ही चूक नाही. तिथे 'घरात असं, वहीत असं' एवढं सांगणं पुरे.

३. "मी होमवर्क फिनिश केला" अशी सरमिसळ झाली म्हणून घाबरू नये. आपण मोठेही तसंच बोलतो.

४. मराठी आकड्यांना जास्त वेळ द्यावा. 'फॉर्टी नाइन' म्हणणाऱ्या मुलाला एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, हे नव्याने समजून घ्यावं लागतं. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत सगळीच मुलं अडखळतात.

५. आणि आजीचा फोन. त्याची जागा कुठलंही पुस्तक घेऊ शकत नाही.

तो मुलगा लगेच बोलू लागला नाही. माझी दिलगिरी त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि पुढचे काही रविवार इंग्रजीतच उत्तरं दिली. मीही आग्रह केला नाही. मग एकदा बाहेर बर्फ पडत होता, मुलांचं लक्ष खिडकीत होतं आणि मी तरीही जोडाक्षरं शिकवत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आज लवकर सुट्टी काहून नाही देऊन राहिल्या?"

मी खडू खाली ठेवला आणि सुट्टी दिली.