राजीची बाजू

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ हा व्हिडिओ गेम परवा वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खेळून पुरा केला. मैत्रीण हसली. म्हणाली, “लवकर संपतो, लढाईत तेच ते डाव, आणि शेवट तर अर्ध्यावरच!” तिचे म्हणणे खोटे नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्या मंडळींनी तो तडीस नेला, हे कौतुकाचे. पण तेवढ्याने दोष झाकत नाहीत.

तरीही मी राजीची बाजू घेते. ती राजकन्या नव्हे; सर्कशीत कसरती करणारी साधी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन एकटी निघते. तिला पाहताना मला आमच्या मोहटादेवीचा गड आठवला, आणि माझा भाऊ.

आई-वडील ऊसतोडीला जात, तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी त्याला मीच सांभाळले. मी कॉलेजात आले. यंदा आठवीतून शाळा सोडून तोही त्यांच्याबरोबर गेला.

राजीची गोष्ट अपुरी राहते, हे मला म्हणूनच खटकले नाही. माझीही अजून पुरी व्हायची आहे. सुट्टी लागताच कारखान्यावरच्या कोपीत जाऊन मी त्याला परत आणणार आहे.