दारू सुटल्यानंतरचे महिने

सौ. वहिनी,

दारू थांबल्यावर पहिला आठवडा शरीराच्या त्रासाचा असतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमाचा धोका असतो. म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम थांबू नये. बहुतेकांचा हा त्रास ५-७ दिवसांत ओसरतो आणि घर म्हणते, सुटली एकदाची.

पुढचा त्रास डोळ्यांना दिसत नाही. क्षुल्लक कारणावरून भडका उडतो, कशात मन रमत नाही, साध्या गोष्टी विसरतात. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. असे महिनोन्‌महिने चालू शकते. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकलेला असतो. दाब निघून गेला तरी तो जोर हळूहळूच उतरतो. अशा वेळी नुसत्या चिडचिडीवरून तोंडाचा वास घेणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

सर्वांत चिवट त्रास झोपेचा. रात्री दोनला जाग आली की दारू आठवते, कारण पूर्वी तीच अंगाई होती. प्रत्यक्षात दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. उठायची वेळ रोज एकच ठेवणे, दुपारची झोप आणि दुपारनंतरचा चहा टाळणे, रोज चालणे यांचा गुण येतो, पण सावकाश. झोपेच्या गोळ्या मनाने घेणे घातक. त्यांतल्या काहींचीही सवय लागते.

तलफ बहुधा भूक, राग, एकटेपणा किंवा थकवा यांच्या आडून येते. वेळेवर जेवण हा त्यावरचा साधा, पण खरा उपाय. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधे डॉक्टर देऊ शकतात. जेवणात गुपचूप दारू सोडवण्याची पूड मात्र कधीही मिसळू नये: तिच्यात डायसल्फिराम असले आणि ते पोटात असताना दारू घेतली तर जिवावर बेतू शकते.

पत्नीचाही यात कस लागतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तिच्यासाठी ‘सहचरी’ हा गट आहे. दोघांपैकी कुणाचीही उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक रात्रीही चालू असतो.

तुमची नणंद