आळंदीस टाळ घेऊन

आमच्या माजघरांत देव्हाऱ्याच्या डावीकडील खुंटीवर एक मांजरपाटाची पिशवी सोळा वर्षें टांगलेली होती. तींत आमच्या ज्येष्ठ बंधूंचे टाळ होते. बंधूंनीं १९७८ पासून २००९ पर्यंत एकही वारी चुकविली नाहीं. पुढें त्यांचे पाय थकले, आणि दोन वर्षांनीं ते स्वतःच गेले. पिशवी खालीं काढण्याचें मग कोणाच्याच मनांत येईना. घरास तीन वेळां रंग दिला गेला, पण रंगारी त्या खुंटीपुरती भिंत सोडून देई; तसें त्यास वहिनींचें सांगणेंच असे.

यंदा चैत्रांत बंधूंचा नातू आपण होऊन म्हणाला, “भाऊआजोबा, या वर्षीं मी पालखीबरोबर चालणार आहें. आजोबांचे टाळ मला द्याल का?” हा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे, आणि त्याची सारी हौस पाश्चात्य ड्रम वाजविण्याची. गच्चीवरील खोलींत त्याच्या त्या मोठमोठ्या झांजा दांड्यांवर बसविलेल्या आहेत, व दुपारीं त्यांचा गजर सुरू झाला कीं घरांतील वडील मंडळी कानांवर हात ठेवितात. अशा मुलानें टाळ मागावे, याचें आम्हांस अप्रूप वाटलें. वहिनींनीं कांहीं न बोलतां स्वतः पिशवी उतरविली.

टाळ काळे पडले होते, आणि भोकांभोंवतीं हिरवा जंग धरला होता. आतां आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर! तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील, शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल आणि जल यांनीं करावी असें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे, तें आम्हीं वहिनींस मोठ्या ऐटीनें ऐकविलें, आणि चिंचेच्या कोळांत मीठ कालवून टाळ दोरीसकट रात्रभर बुडवून ठेविले. सकाळीं पाहतों तों ते घासलेल्या बंबासारखे तांबूस दिसूं लागलेले! वहिनी म्हणाल्या, “हे यांचे टाळ नव्हेत. यांचा रंग असा नव्हता.” आम्हीं ते एकमेकांवर आपटून पाहिले. जो नाद पूर्वीं सोप्यावर वाजला तर परसांत विहिरीपर्यंत रेंगाळे, त्याच्या जागीं एक आंखूड ठोका आला, आणि त्यामागें किंचित् खरखर. वहिनी स्वयंपाकघरांत निघून गेल्या. पुढें चार दिवस आमच्या ताटांत सर्व पदार्थ वेळच्या वेळीं येत होते. बोलणें मात्र येत नव्हतें.

घाईनें आम्ही दुसरीही चूक करणार होतों. पेठेंतील एका दुकानदारानें विजेच्या चाकावर दहा मिनिटांत टाळ आरशासारखे करून देण्याचें कबूल केलें होतें. नातवानें आमचा हात धरिला. “आधीं ज्यांचा हा धंदा आहे त्यांना विचारूं,” तो म्हणाला. म्हणून वैशाखाच्या अखेरीस एका सकाळीं आम्ही, वहिनी आणि तो असे तिघे आळंदीस निघालों.

पुण्याहून विश्रांतवाडी, दिघी असा रस्ता आहे. पूर्वीं दिघी ओलांडली कीं माळ लागे. आतां इमारतींची रांग गांवाच्या वेशीपर्यंत तुटत नाहीं. पुलावरून इंद्रायणीचें दर्शन झालें. तें कसें झालें हें लिहितांना लेखणी अडखळते. घाटाच्या पायऱ्यांशीं पांढराशुभ्र फेंस जमला होता. नवख्यास वाटावें कीं कापसाचे ढीग वाहत आले आहेत. कारखान्यांचें व गांवांचें सांडपाणी नदींत येतें, त्याचा हा परिणाम. घाटावर एक विद्यार्थी नळाच्या पाण्यानें फडकें भिजवून आपले टाळ पुसत होता. विष्णुबुवा जोग यांनीं १९१७ सालीं येथें वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हांपासून कीर्तन व भजन शिकणाऱ्या मुलांचें हें गांव आहे. आम्हीं त्यास विचारलें, “नदी पायांशीं असतां नळ कां?” तो म्हणाला, “माउली, या पाण्यानें डाग पडतात. आंघोळीचाच विचार करावा लागतो, टाळांचें काय घेऊन बसलांत?” माउलींनीं १२९६ सालीं ज्या नदीच्या कांठीं समाधि घेतली, तिच्या पाण्याविषयीं हें एका सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकावें लागलें.

महाद्वारांत हैबतबाबांच्या पायरीस हात लावून व समाधीचें दर्शन घेऊन आम्ही टाळ-पखवाजांच्या दुकानांकडे वळलों. एका अरुंद दुकानांत सत्तरीच्या घरांतील एक कारागीर पखवाजाच्या वाद्या ओढीत बसले होते. आमची हकीकत त्यांनीं मान खालीं घालूनच ऐकून घेतली. चिंचेचें नांव निघतांच ते हंसले. “गुरुजी, तांब्याला आंबट आणि कांशाला राख. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतें, पण एवढें येत होतें.”

आम्ही खजील झालों. कारण स्मृतिग्रंथांतही कांस्य भस्मानें व ताम्र आम्लानें शुद्ध होतें असा भेद निराळा करून ठेविलेला आहे. आणि मनूच्या ज्या श्लोकाची आम्हीं ऐट मिरविली, त्याच श्लोकांत ज्याला जें योग्य असेल त्याप्रमाणें अशी अट घातलेली आहे. तेवढाच शब्द आम्ही सोयीनें विसरलों. तीस वर्षें मुलांना अन्वय लावावयास शिकविलें त्याचें हें फळ!

त्यांनीं पहिली गोष्ट केली ती दोरी सोडण्याची. चिंच व मीठ शोषून ती फुगली होती, आणि भोकाच्या कडेशीं ओला हिरवा लगदा बसला होता. टाळ त्याच्या पोटांत बसलेल्या गांठीवर झुलतो. गांठ जाड व ओली झाली कीं ती धातूस बिलगते आणि नाद दाबते. शिवाय आम्लाचा अंश अशा फटींत दडून राहिला तर वरून चकचकीत दिसणारी वस्तु आंतून खात जाते. त्यांनीं कोमट पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालून भोकें मऊ ब्रशानें धुतलीं, पुन्हां दोनदां साध्या पाण्यानें धुतलीं, आणि लगेच जुन्या धोतराच्या फडक्यानें कोरडीं केलीं. नवी सुती दोरी ओवून टाळ वाजविले. नाद परत आला! वहिनी उंबऱ्याशीं बसल्या होत्या, त्या उठून पुढें आल्या.

पण खरखर राहिलीच होती. कारागिरांनीं शिवणयंत्राचें पातळ तेल एका टाळाच्या कडेस चोळलें, थोडा वेळ थांबून कोरडें पुसून काढलें, आणि विचारलें, “गुरुजी, खडू आहे का?” निवृत्त होऊन सात वर्षें झालीं तरी आमच्या खिशांत खडूचा तुकडा असतो; घरांत त्यावरून आमची थट्टा होते. त्याची पूड त्यांनीं कडेवर भुरभुरविली. क्षणभरांत त्या पांढऱ्या पुडींत केंसासारखी एक काळसर रेघ उमटली. भेगेंत शिरलेलें तेल खडूनें वर ओढून घेतलें होतें. गव्हाच्या दाण्याएवढी लांब भेग. डोळ्यांस ती मुळींच दिसत नव्हती.

“ही आमच्या चिंचेनें पडली का?” हा प्रश्न विचारतांना आमचा घसा कोरडा झाला होता हें कबूल केलें पाहिजे.

त्यांनीं भिंग लावून पाहिलें. “नाहीं. आंतून काळी आहे, जुनी आहे. हा दगडावर पडलेला टाळ आहे.”

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “एका वर्षीं दिवे घाटांत यांचा पाय घसरला होता. गुडघा फुटला तें घरीं येऊन सांगितलें. टाळांचें नाहीं सांगितलें.”

पेठेंतील चाकाची गोष्ट आम्हीं काढली, तेव्हां कारागिरांनीं बाही वर सारून मनगटापासून कोंपरापर्यंत गेलेला व्रण दाखविला. फिरत्या चाकानें झांजेची पातळ कड पकडली व ती त्यांच्या हातून हिसकावून घेतली होती. भिंतीवर आपटून पडली तेव्हां झांजही दुमडली होती. आणखी एक हानि डोळ्यांस दिसत नाहीं. चाकाच्या घर्षणानें पातळ धातु तापतो, आणि कांशाचा गुण तापण्यावर व निवण्यावर फार अवलंबून असतो. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कठीण व ठिसूळ होतें. शंभरांत वीस-बावीस भाग कथील असलेलें कांसें तसेंच बुडविलें तर उलट चिवट होतें, आणि सावकाश निवूं दिलें तर ठिसूळ बनतें. घडीव झांजेस कारागिरानें दिलेला हा गुण बाजारांतल्या चाकावर घालवावयाचा, म्हणजे पदरचे पैसे देऊन झांज मुकी करून घेण्यासारखेंच आहे.

येथें नातवानें आपल्या ड्रमच्या झांजांविषयीं विचारलें, आणि दोघांची अशी जमली कीं आम्ही बाजूसच पडलों. त्याच्या झांजाही तांबें ऐंशी व कथील वीस याच प्रमाणाच्या. ज्या झिल्जियन घराण्याच्या त्या आहेत, त्याचा व्यवसाय १६२३ पासून कॉन्स्टँटिनोपलमध्यें चालत होता व १९२९ मध्यें तो अमेरिकेंत गेला, हें त्यानें सांगितलें. शार्ङ्गदेवानें देवगिरीस बसून तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकरां’त घनवाद्यें म्हणून जीं वर्णिलीं, त्यांचीच ही दूरची भावंडें. या झांजांवर सूक्ष्म गोल रेघा असतात. फडकें त्या रेघांच्या वळणानेंच फिरवावें, आडवें घासूं नये. छापील अक्षरांवर पॉलिश लावल्यास अक्षरें पुसतात. ज्यांवर कारखान्यांतच पारदर्शक लेप दिलेला असतो, त्यांस साबणाच्या पाण्यापलीकडे कांहीं लावूंच नये, नाहींतर लेप जागोजाग उडून झांज कोड फुटल्यासारखी दिसते.

ज्या घरीं टाळ, झांज किंवा पूजेची घंटा आहे, तेथील मंडळींसाठीं त्या दिवशीं शिकलों तें लिहितों. वाजवून झाल्यावर घाम व बुक्का कोरड्या मऊ फडक्यानें पुसून टाकिला, तर पुढचें निम्मे काम उरत नाहीं. मळ बसलाच तर कोमट पाणी व सौम्य साबणाचे चार थेंब, नाहींतर रिठ्याचें पाणी; धुतांक्षणीं कोरडें करावें. हिरवा डाग सुटत नसेल तर वस्त्रगाळ केलेली लांकडाची राख ओल्या बोटानें हलके लावावी. रांगोळी, वाळू, काथ्या, तारेची घासणी यांस जवळ येऊं देऊं नये. त्यांच्या ओरखड्यांत पुढचा मळ अधिक धरतो. बाजारची पॉलिश वापरावयाची तर खिडकी उघडी ठेवून व रबरी हातमोजे घालून; दोन निरनिराळीं द्रव्यें एकत्र करूं नयेत, त्यांतून विषारी वायु निघण्याचा संभव असतो. हिरवा जंग पोटांत गेल्यास अपायकारक आहे, म्हणून घासणीचें फडकें स्वयंपाकघरांत आणूं नये व हात धुतल्यावांचून मुलास घेऊं नये. काळसर तपकिरी छटा मात्र मळ नव्हे. ती धातूची स्वतःची कांति असून तिनें नादास बाध येत नाहीं; ती घासून काढण्याचा हव्यास सोडावा.

ठेवण्याविषयीं एक गोष्ट आम्हांस नवी होती. हिंदुस्थानांत इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांजवळ ठेविलीं कीं आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रांतील अमोनिया व धातूंतील ताण यांचा तो परिणाम असल्याचें १९२१ मध्यें निश्चित झालें. म्हणून पितळी टाळ तरी गोठ्याशेजारीं ठेवूं नयेत, आणि अमोनियायुक्त द्रव्यांनीं पुसूं नयेत. सोळा वर्षांपूर्वींपर्यंत आमच्या माजघराची मागची भिंत आणि गोठा एकच होती. आमचे टाळ कांशाचे, म्हणून निभावलें असावें.

शेवटीं प्रश्न राहिला त्या भेगेचा. कारागिरांनीं दोन मार्ग सांगितले. टाळ मोडींत घालून वजनाचे पैसे घ्यावे व नवे न्यावे. किंवा भेगेच्या टोकाशीं बारीक छिद्र पाडावें, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. “घरीं हलक्या हातानें वाजतील. वारींत नको, सासवडच्या आंत फुटेल.”

“मोडींत नाहीं,” वहिनी म्हणाल्या.

छिद्र पाडण्यास दहा मिनिटें लागलीं. त्याचे पैसे कारागीर घेईनात. नातवासाठीं नवी जोडी घेतली तींतही त्यांनीं थोडी सूट दिली. ती जोडी निवडण्यास मात्र मुलानें तासभर घेतला. एकामागून एक वीस-पंचवीस टाळ दोरीनें धरून, कडेवर कड टेकवून, नाद संपेपर्यंत कान लावून तो उभा राही. गच्चीवरच्या गजरानें आमचे कान किटतात, पण त्याचे स्वतःचे कान इतके तयार आहेत हें आम्हांस त्या दुकानांत कळलें.

ज्येष्ठ वद्य अष्टमीस तो आळंदीहून निघाला, तो पुण्यास न थांबतां सासवडपर्यंत चालत गेला. निघण्याच्या आदल्या रात्रीं वहिनींनीं त्याच्या पिशवींत एक धुतलेलें धोतराचें फडकें ठेविलें, आणि आम्हीं ऐकलें तें असें: “रोज रात्रीं पुसून ठेव. आणि हातून पडले, तर घरीं येऊन सांग हो.”