आम्ही आणि आपण

परवा जुना मोबाईल मोडीत द्यायच्या आधी चाळत बसलो, तर २०२० सालचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मुलांचा ग्रुप सापडला. त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे सरकारने जाहीर केले, आणि टाकव्यातली व आसपासच्या वाड्यांवरची दहा-बारा मुले घेऊन मीही त्यात उडी मारली. (निवृत्त माणसाला नको कोण म्हणणार!) विषय भातशेती. प्रत्येकाने घरच्या शेतातले लिहायचे आणि सगळ्यांनी मिळून एक टिपण करायचे.

व्याकरण शिकवल्याची खोड जात नाही. सगळे मेसेज वहीत उतरवून काढले. पहिला आठवडाभर "हो सर", "ओके सर" आणि अंगठे. मला तेव्हा वाटे, काय छान प्रतिसाद आहे!

मग मे महिन्यात एकाचा व्हॉइस मेसेज आला. "आमची दाढ भाजायची राह्यलीय, तुमची झाली का?" पावसाआधी भाताचे रोप टाकायची जागा शेण-पालापाचोळा पसरून भाजतात, ती दाढ. त्यावर पोरे तुटून पडली. का भाजतात? तण मरतं. आजी म्हणते राखेनं रोप जोम धरतं. म्हणजे खत नको? आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, "आपण एक वाफा भाजून आन एक तसाच ठेवून बघू."

पहा, तोवर सगळे 'आम्ही' होते. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. द्राविडी भाषांत मात्र आहे. त्या एका शब्दापाशी ग्रुपचा वर्ग झाला होता.

आणि तिथेच मी लिहिले, "'दाढ' नव्हे, 'रोपवाटिका' म्हणावे. सर्वांनी प्रमाण भाषा वापरावी." दोघा-तिघांनी दाढदुखीचे विनोद केले. त्या मुलाने लिहिले, "ओके सर", पुढे हात जोडलेले. त्यानंतर त्याचा एकही व्हॉइस मेसेज नाही. वहीत पुढची पाने अंगठ्यांची आहेत. 'आपण' पुन्हा आला नाही. टिपण झाले, पण ते मीच लिहिले.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे मिळून लिहिणाऱ्यांच्या चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात आणि हात बसेपर्यंत कच्चे लिहायच्या जागेला 'धूळपाटी'. चुकले तर पुसा, कोणी वहीत लाल शाई करणार नाही. मी मुलांना धूळपाटी दिलीच नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात तो मुलगा कान्हे फाट्यावर भेटला. कंपनीत लागला आहे. मी मुद्दाम विचारले, "काय रे, दाढ भाजली का?" तो हसला. म्हणाला, "कुठली दाढ सर, आता तिथं प्लॉटिंग झालंय."