निळसर दूध

दूध जरा निळसर दिसलें कीं गवळ्यानें पाणी घातलें, हा निकाल आमच्या घरांतून पुरावा न मागतांच लागतो. वर्धा जिल्ह्यांतील तळेगांव (श्यामजी पंत) ज्या आष्टी तालुक्यांत आहे, तो मुलूख गवळाऊ गाईंचा. तेथें काय किंवा इतरत्र काय, दुधावर ज्यांचें पोट चालतें त्यांच्या अब्रूचा हा प्रश्न आहे. म्हणून डोळ्यांची ही साक्ष एकदां तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पेलाभर स्वच्छ पाण्यांत दुधाचे दोन-तीन थेंब टाकावे आणि अंधाऱ्या खोलींत तो पेला कवडशांत धरावा. निव्वळ पाण्यांत न दिसणारी किरणाची वाट आतां उजळून निघते. बाजूनें पाहतां पाणी निळसर दिसतें. पलीकडे धरलेल्या कागदावर पडणारा उजेड मात्र पिवळट-तांबूस. अशा सूक्ष्म कणांनीं प्रकाश विखुरला जाण्याचा अभ्यास टिंडॉल यांनीं १८६९ सालीं केला, व १८७१ सालीं रॅले यांनीं त्याचें गणित मांडलें. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी निळ्याच्या दीडपट धरली, तर अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश सुमारें पांचपट अधिक विखुरतात.

दुधांत असे कण दोन जातींचे. स्निग्धाचे गोलक मोठे, मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांएवढे. ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात आणि दुधास शुभ्रता आणतात. केसीन नामक प्रथिनाचे पुंज त्यांहून कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या सुमारें दहासहस्रांशाएवढे; त्यांचा ओढा निळ्याकडे. साय काढून घेतली कीं मोठे गोलक जातात आणि पाण्याचा एक थेंबही न घालतां दूध निळसर होतें.

मग दुग्धमापक यंत्रावर भिस्त ठेवावी काय? पाण्यानें दुधाची घनता घटते, साय काढल्यानें वाढते. दोन्ही लबाड्या बेतानें केल्या तर एकटें यंत्रही फसतें. घनतेबरोबर स्निग्धांशही मोजावा, तेव्हां कोठें खरें कळतें.

तात्पर्य, दुधाचा रंग कणांचें मान सांगतो. विकणाराची नियत सांगत नाहीं. तुपासाठीं साय काढलेलें आपल्याच घरचें दूध सायंकाळीं निळें दिसतें, तेव्हां आपण कोणावर ठपका ठेवतों?