इकोच्या पोटाखाली

इको व्हॅनचा सायलेन्सर उतरवायला जॅक लागत नाही. गाडी मुळातच उंच. सडपातळ माणूस पाठीवर सरकत खाली जातो, जोडावरचे नट सोडवतो, सेन्सरची वायर कापतो, रबरी हँगरमधून पाइप ओढून काढतो आणि अख्खा सांगाडा खांद्यावर टाकून निघून जातो. सरावलेल्या हाताला काही मिनिटं पुरतात. काच फुटत नाही, दार उघडत नाही, म्हणून दाराचा अलार्मही वाजत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात नाशिकला आमच्या सिडकोतल्या काही गाड्या एका रात्रीत अशा मोकळ्या झाल्या. त्यांत माझीही होती.

मी विद्यार्थी वाहतूक करते. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा गाडी दारात उभी आणि हप्ते चालू, अशी दोन वर्षं काढलेली. त्या जूनपासून शाळा पूर्ववत भरू लागल्या होत्या आणि जरा कुठे घडी बसत होती. सकाळी किल्ली फिरवली तर इंजिन असं गरजलं की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. पहिल्या थांब्यावरच्या पालकांना फोन केला, दुसऱ्या व्हॅनवाल्या ताईंना अर्धी मुलं घ्यायला सांगितली आणि मग वाकून पाहिलं. खाली नळीचं एक टोक लोंबत होतं.

“सायलेन्सर नाही, माती नेली त्यांनी,” द्वारका चौकाजवळचे आमचे फिटर चाचा म्हणाले. “बाकीचं लोखंड पुढं कुठं तरी फेकून दिलं असेल.” मला काही उमगलं नाही म्हणून त्यांनी गॅरेजच्या कोपऱ्यातून एक जुना, कापलेला डबा आणून दाखवला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनीमातीची वीट होती, करडी, हाताला हलकी, कडेला बोट लावलं की भुगा होणारी. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन त्या थराला लागून जातं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत, म्हणून चांगली निगा राखली तर ही वीट वर्षानुवर्षं काम करते. आणि म्हणूनच ती चोरण्याजोगीही राहते.

एका गाडीत हे धातू काही ग्रॅमच असतात. पण २०२१ च्या वसंतात ऱ्होडियमचा भाव औंसाला तीस हजार डॉलरच्या जवळ गेला होता, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या पंधरा पटींहून जास्त. दक्षिण आफ्रिकेच्या खाणी आणि रशियातलं उत्पादन यांवर साऱ्या जगाचा पुरवठा अवलंबून. तिथे जरा खोळंबा झाला की भाव भडकतो. एवढ्या लांबच्या बाजाराचा हात आमच्या गल्लीतल्या उभ्या गाडीपर्यंत पोचला होता. गुजरातेत आणि महाराष्ट्रात इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या मी नंतर शोधून वाचल्या. बहुतेक सगळीकडे एकच रीत होती: डबा कापायचा, माती काढायची, किलोच्या भावानं विकायची. काही ठिकाणी तर माती काढून डबा पुन्हा वेल्डिंग करून गाडीला बसवल्याचं उघड झालं. अशा गाडीचा मालक महिनोन्‌महिने बेखबर राहू शकतो.

नव्या डब्याचा भाव पन्नास हजारांच्या वर निघाला. पोलीस ठाण्यात आधी “साधा अर्ज देऊन जा” असं सांगितलं गेलं. मी बसून राहिले. चोरीचा गुन्हा नोंदवून घेतल्याशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही आणि नोंद झाली नाही तर अशा किती चोऱ्या होतात याचा हिशोबही कुणापाशी राहत नाही. दुपारपर्यंत पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला, प्रत हातात आली. विम्यात मात्र धातूच्या भागांवर घसारा कापला जातो. गाडीला चार वर्षं होऊन गेली असतील तर ३५ टक्के, पाच वर्षांनंतर ४० आणि दहानंतर ५० टक्के. त्यात पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असेल तर एक रुपयाही मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या कितीतरी व्हॅनवाल्यांकडे तेवढीच असते, कारण हप्ता कमी बसतो. पूर्ण पॉलिसी असली तरी नुसता सुटा भाग चोरीला गेला तर काय मिळतं, ते कलम वाचून ठेवावं, विमा उतरवतानाच विचारून घ्यावं.

याच सुमाराला एका दुसऱ्या गॅरेजवाल्यानं मला सोपा मार्ग सुचवला. “ताई, रिकामा डबा लावतो. आवाज बंद होईल, चार-पाच हजारांत काम. गाडी उलट मोकळी पळेल.” असं करणारे खूप आहेत. काही जण तर चांगला डबा स्वतःच विकून रिकामा लावतात आणि वरचे पैसे खिशात घालतात. मला या माणसाचा राग आला, अजूनही येतो. माझ्या गाडीत पहिली-दुसरीतली मुलं बसतात. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, धुराची नळी पायांखालून मागे जाते. शाळेच्या फाटकासमोर अशा वीस-पंचवीस व्हॅन एकामागे एक इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि मुलं त्यांच्या मधून, मोठ्यांपेक्षा सायलेन्सरच्या जवळ नाक घेऊन चालत जातात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. भारतात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसाचा थर बसला की ती वीट निकामी होते. एवढा खटाटोप करून जी वस्तू गाडीत आली, ती काढून रिकामा डबा लावायचा आणि पीयूसीचा कागद ‘जमवून’ घ्यायचा, हे मला जमणार नव्हतं. सोनं मोडलं आणि कंपनीचा डबा बसवला.

आता तो टिकवायचा होता.

चाचांशी पहिलं बोलणं नट वेल्डिंग करून टाकण्याबद्दल झालं. बरेच जण तेच करतात. चाचा म्हणाले, “टॅक मारून देतो, पण उद्या सेन्सर बदलायचा झाला किंवा गॅस्केट फुटलं तर मलाच ते कटरनं कापावं लागेल.” शिवाय चोराकडेही कटर असतोच. शेवटी ठरलं ते असं: दहा मिलिमीटरच्या सळईची जाळी, डब्याभोवती पिंजऱ्यासारखी, आणि ती थेट चॅसीला, डोकं तुटणाऱ्या बोल्टांनी बसवलेली. हे बोल्ट आवळत नेले की ठरावीक ताणाला त्यांचं डोकं तुटून पडतं आणि मागे पान्याच्या पकडीत न येणारा गोल भाग उरतो. काढायचा तर ड्रिल मारून, आवाज करत, वेळ घेऊन. आम्हाला तेवढंच हवं होतं. अंधारात गाडीखाली पडलेल्या माणसाला पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं झालं की तो दुसरीकडे जातो. बाजारात तयार सायलेन्सर गार्डही मिळतात. घेताना पत्र्याची जाडी आणि तो कुठे अडकतो हे बघावं. नुसता सायलेन्सरलाच क्लॅम्प केलेला गार्ड सायलेन्सरसकट निघून जातो.

जाळी घडवताना चाचांनी घेतलेली काळजी मला लिहून ठेवावीशी वाटते, कारण घाईत केलेलं वेल्डिंग चोरीपेक्षा महागात पडू शकतं. माझी गाडी सीएनजीची. त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, इंजिन चालवून नळीत उरलेला गॅस संपवला, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि तरीही जाळी गाडीखाली न जोडता बाहेर मापानं बनवून आणली. डब्याला चिकटून पत्रा लावू दिला नाही. हा भाग चालताना कित्येक शे अंश तापतो, त्याला वारा लागायलाच हवा. सेन्सरपाशी हात जाईल एवढी फट ठेवली. मुलांनी भरलेली गाडी स्पीडब्रेकरवरून नेऊन कुठे घासतं ते पाहिलं आणि एक सळई वर घेतली. या जाळीची एक अडचण आहे: प्लास्टिकच्या पिशव्या आणि वाळलं गवत तिच्यात अडकतं. मी आठवड्याला वाकून साफ करते आणि उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी कधीच उभी करत नाही.

डब्याच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून घेतला, तोही हातोडी-पंचानं नाही. ठोक्यानं आतली वीट तडकते. कोरणीच्या छोट्या यंत्रानं कोरला आणि वर उष्णता सोसणारा भडक रंग मारला. धक्क्यावर वाजणारा अलार्मही लावून पाहिला. कुत्र्यानं अंग घासलं तरी तो बोंबलायचा, शेजारी वैतागले, काढून टाकला.

माझा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “मावशी, इथे आमच्या प्रियस गाडीचं हेच.” अमेरिकेत २०१८ साली विमा दाव्यांतून अशा जेमतेम तेराशे चोऱ्या नोंदल्या गेल्या होत्या, २०२१ मध्ये ५२ हजारांवर. तिथेही लोक गाडीखाली धातूची ढाल बसवतात, नंबर कोरून घेतात. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात सुटा कन्व्हर्टर वाटेल त्याच्याकडून विकत घेता येत नाही. परवानाधारक व्यावसायिक किंवा मालकीचा पुरावा दाखवणारा गाडीमालक यांच्याकडूनच घ्यायचा आणि व्यवहाराची नोंद ठेवायची. शिवाय त्याच सुमाराला तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणांनी चोरांपाशी न थांबता, माल गोळा करून धातू काढणाऱ्यांपर्यंत पुढे पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांवर खटले भरले. पुढे धातूंचे भावही उतरले आणि चोऱ्या कमी झाल्या.

माझी जाळी माझी एक गाडी वाचवते. चोर शेजारच्या, बिनजाळीच्या गाडीखाली जातो, आणि ती गाडी माझ्यासारख्याच एखाद्या बाईची असते. म्हणून आम्ही भागातले व्हॅनवाले एकत्र बसलो. रात्री गाड्या विखुरलेल्या ठेवायच्या नाहीत, दिव्याखाली एका ओळीत, भिंतीला खेटून, दोन गाड्यांमध्ये माणूस शिरणार नाही अशा लावायच्या. राखणदाराचा पगार वर्गणीतून. चाचांनी एका रविवारी सगळ्यांच्या डब्यांवर नंबर कोरून दिले आणि फक्त चहाचे पैसे घेतले. दोन जणांचे डबे आधीच रिकामे निघाले. गाडी जुनी घेतलेली, माती कधी आणि कुणी काढली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

विद्यार्थी वाहतुकीच्या गाडीला पासिंग ठरावीक काळानं करावंच लागतं. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. तेव्हा ब्रेक, दिवे, अग्निशामक सगळं बघतात. त्याच वेळी गाडी वर घेऊन कन्व्हर्टर जागेवर आहे का, आत वीट आहे का आणि त्यावरचा नंबर गाडीचाच आहे का हे पाहून नोंदवावं, आणि नंबर खोडलेला किंवा बिननंबरी डबा भंगारात घेणाऱ्याला जाब विचारला जावा, एवढंच आमचं मागणं आहे. तसा अर्ज आम्ही सगळ्यांच्या सह्यांनी दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. येत्या पासिंगला आम्ही आमच्या गाड्या एकाच दिवशी नेणार आहोत आणि निरीक्षकांना वाकून तो नंबर वाचायला सांगणार आहोत.