चारनंतरचं पाणी

गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या आसपास आतल्या गल्ल्यांत शिरलं की जुन्या बंगल्यांवर दवाखान्यांच्या, क्लासच्या, पॅथॉलॉजीच्या पाट्या दिसतात. अशाच एका दुमजली बंगल्यावर वृद्ध निवासाची पाटी आहे. आमची आत्या तिथं राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने उभं आयुष्य शिकवलं, लग्न केलं नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर भाच्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती तिला चढवेनात, तेव्हा ही जागा तिनेच पसंत केली. पेन्शन तिची, निर्णयही तिचा. निवासातली मंडळी तिला ‘बाई’ म्हणतात, कामाच्या मावश्या ‘आजी’ म्हणतात.

निवास बघायला आलेले नातेवाईक काय विचारतात, हे ती खिडकीजवळच्या खाटेवरून ऐकत असते. लिफ्ट आहे का, जेवणात काय असतं, देवघर कुठंय. आणि या शहरातला पहिला प्रश्न, पाण्याचं काय? जायकवाडीचं धरण एवढं जवळ असूनही छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची वर्षानुवर्षांची सवय आहे. निवासाचे व्यवस्थापक मग हौद दाखवतात, वरच्या टाक्या दाखवतात, टँकरचा हिशेब सांगतात. त्यात खोट काही नाही. त्या घरात अंघोळीचं पाणी कधी तुटलं नाही.

पाणी तुटलं ते आत्याच्या पोटात. दुपारचा चहा झाला की ती पाण्याला हात लावत नसे. रात्री लघवीला उठावं लागतं, वॉकर धरून एकटीला जाता येत नाही, मग हाक मारावी लागते. वरच्या मजल्यावर रात्री मावशी एकच. “एका हाकेत ती येत नाही गं, आणि दुसरी मारायची लाज वाटते,” असं ती नंतर भाचीला म्हणाली. उतारवयात तहान मुळातच कमी लागते. त्यात माणूस ठरवून पाणी तोडतो, तेव्हा लघवीचा संसर्ग फार लांब नसतो. म्हाताऱ्या माणसांत तो दरवेळी ताप किंवा जळजळ घेऊन येतोच असं नाही, कधी थेट बुद्धीवरच येतो. एका सकाळी आत्या खाटेवर ताठ बसून दुसरीच्या वर्गाची हजेरी घेऊ लागली. गैरहजर मुलांना रागावलीसुद्धा. घरच्यांना वाटलं, विसरण्याचा आजार सुरू झाला. लघवीच्या तपासणीत खरं कारण कळलं. सलाईन आणि अँटिबायोटिकवर ती शुद्धीत आली आणि तिने पहिल्यांदा विचारलं, “मी काय काय बोलले?”

त्यानंतर भाची रात्रीची जाऊन बसू लागली, आणि दिवसा कधीच न दिसणारं ते घर तिला दिसलं. मावशी मुकुंदवाडीहून शेअर रिक्षाने येते. बारा तासांची पाळी. नऊच्या गोळ्या, मग डायपर, मग दोघांच्या युरीन बॅगा रिकाम्या करून किती भरल्या ते लिहायचं. कोपऱ्यातल्या खोलीत पक्षाघाताने आडवे झालेले एक आजोबा आहेत. त्यांना साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर कातडी लाल होते, मग काळी पडते, मग उघडते. आजोबांच्या मुलाने महागडा एअर बेड आणून दिला आहे. पण गादीत हवा खेळती असली तरी माणसाला वळवायला हात लागतातच. मावशी एका हाताने त्यांचा खांदा धरते, दुसरा गुडघ्याखाली घालते, त्यांच्या कानाशी “बाबा, आता भिंतीकडं” म्हणते आणि आपल्या अंगाच्या जोरावर त्यांना फिरवते. पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली दुमडलेली चादर. एवढ्या वेळात दुसऱ्या टोकाला आत्या हाक गिळून बसलेली असते. मावशीचा यात काडीचा दोष नाही. ती चांगली आहे, आणि एकटी आहे.

म्हणून वृद्ध निवासाची प्रत रात्री दोन वाजता किती जण जागे असतात, यावरून जोखावी असं मला ठामपणे वाटतं. पण हा आकडा कुणाला सांगायची सक्ती नाही. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला, त्यासाठी न्यायाधिकरणं उभी केली, म्हाताऱ्या माणसाला टाकून देणं हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. जिल्ह्याजिल्ह्यांत गरीब वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेली निवासं आणि त्यांच्या सेवेचे निकष, हे त्याने राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्रात त्याआधीच, १९९५मध्ये, मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली होती; आपल्या शहरातला तो आश्रम पैठण रस्त्यावर आहे. मात्र गल्लीतल्या बंगल्यात पैसे घेऊन चालणाऱ्या निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद त्या कायद्यात नव्हती. ती आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा तिच्याबरोबरच बाद झालं. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालय हिशेब बघतं, पण टाचा लाल झाल्या का हे बघणं त्याचं काम नाही. छळ किंवा हेळसांड होत असेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. रात्री मावश्या कमी आहेत, ही तक्रार तिथं कुठल्या रकान्यात बसवायची?

आत्याच्या निवासात हा प्रश्न शेवटी नातेवाईकांनीच हातात घेतला. रविवारी खालच्या हॉलमध्ये बैठक झाली. व्यवस्थापकांनी खर्च उलगडून सांगितला: भाडं, वीज, टँकर, किराणा, पगार. रात्री दहा ते सकाळी सहा आणखी एक मावशी ठेवायची तर महिन्याची फी वाढणार. दोन घरांनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि त्यांचंही खरं होतं. एका मुलाची नोकरी वाळूजमधल्या कंपनीत कंत्राटावर आहे, तो वडिलांची फीच कशीबशी भरतो. त्याचा वाढीव भार बाकीच्यांनी वाटून घेतला. मावश्यांसाठी एक वही आली. कूस किती वाजता बदलली, पाणी किती पोटात गेलं, कातडी कशी आहे, तीन रकाने. भेटीला येणाऱ्या कुणालाही ती उघडून बघता येते. खाटांना बेल बसवल्या. आत्या बेल दाबते आणि वर मास्तरीण म्हणून वहीतलं शुद्धलेखनही तपासते.

पुढच्या बैठकीचा विषय मावश्यांनीच सुचवला आहे: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोघींनी मिळून कसं उचलायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायचं. त्यांच्यातल्या दोघींची कंबर याच कामात धरली आहे. त्या कंबरेच्या औषधपाण्याचा खर्च निवासाने करायचा की नातेवाईकांनी, हे अजून ठरलेलं नाही.